एका नसलेल्या देशाची मतपेटी

आचारसंहिता लागू असताना पत्र्याची मतपेटी घेऊन स्कूटरवरून फिरू नये, हे शहाणपण मला पन्नाशी उलटल्यावर आलं. खरं तर ते आधीच असायला हवं होतं, कारण मी लोकशाही शिकवतो. पगार घेऊन शिकवतो. लवळ्याच्या टेकडीवर एका कॉलेजात दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर माझा तास असतो. विषय: 'युद्धग्रस्त आणि दुभंगलेल्या देशात लोकशाहीची उभारणी'. कॅन्टीनचा राजमा-भात खाऊन आलेल्या मुलांसमोर हा विषय काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. युद्धविराम होईपर्यंत वर्ग जागा असतो. हंगामी सरकार येतं तेव्हा मागची रांग मान टाकते. आणि संविधान सभा भरते त्या वेळी वर्गात मी आणि प्रोजेक्टर एवढेच चालू असतो.

म्हणून यंदा मी प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. वर्गाचाच एक देश केला. खिडकीकडचे बाक उत्तर, दाराकडचे बाक दक्षिण. दोन्ही भागांत दहा वर्षं युद्ध चालू आहे असं धरायचं, मग तह करायचा, घटना लिहायची आणि शेवटी एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं यावर मतदान घ्यायचं. मुलांनी देशाचं नाव ठेवलं 'टेकडीस्थान'. युद्धाचं कारणही त्यांनीच शोधलं: एसीचा रिमोट. मला ते पोरकट वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात उत्तरेची पुढारी ज्ञानदा आणि दक्षिणेचा पुढारी अमोघ कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसून जेवायला लागले. त्याआधी ती दोघं एका ताटात जेवत असत. माझ्या विषयाचा कुणाच्या आयुष्यावर परिणाम झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मनातून मी जरा सुखावलोही.

या सगळ्यात एक मुलगी गप्प असायची. तिचं नाव इस्रा. सुदानची, उम्दुरमान शहरातली. तिच्या देशात खरोखरीचं युद्ध चालू होतं आणि 'युद्धग्रस्त' हा शब्द तोंडातून निघाला की मी हटकून छताकडे बघत असे. ती लवळे गावात तुळजाबाईंच्या माडीवर खोली घेऊन राहायची. त्यामुळे वर्गात ती इंग्रजी बोले आणि वर्गाबाहेर तिला जे काही मराठी येई ते थेट तुळजाबाईंचं असे. एकदा मी तिला "जेवलीस का?" असं विचारलं, तर म्हणाली, "व्हय सर, लई झालं." मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. सुदानच्या मुलीचं मराठी मला परकं वाटावं आणि तिला माझं पुस्तकी वाटावं, असा तो मामला होता.

तर त्या शुक्रवारी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, पेटी असंल?"

"कसली पेटी?"

"मत टाकायची."

अमोघ दारातून ओरडला, "पेटी कशाला सर? गूगल फॉर्म करू. दोन मिनिटांत रिझल्ट!"

इस्राने त्याच्याकडे बघितलं नाही. मग इंग्रजीत, हळू आवाजात, तिने मला सांगितलं. ती शाळेत असताना त्यांच्याकडे लोक रस्त्यावर उतरले होते. तिची मोठी बहीण रोज लष्कराच्या मुख्यालयापुढच्या धरण्यात जाऊन बसायची. जुनी राजवट गेली. तीन वर्षांनी निवडणूक होणार, असं ठरलं. इस्राने हिशोब केला, तेव्हा आपण अठरा वर्षांच्या होऊ. बहीण म्हणाली, आपण दोघी बरोबरच जाऊ, नवे कपडे घालून. मग लष्कराने सत्ता घेतली. मग युद्ध लागलं. बहीण आणि आई आता कैरोत एका खोलीत राहतात. नवे कपडे शिवायचे राहिले ते राहिलेच.

"मी पेटी फक्त फोटोत बघितलीय," ती म्हणाली.

"पेटी असेल," मी म्हणालो.

हे दोन शब्द मला फार महागात पडले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. स्नेहलचा स्वभाव व्यवहारी. तिने माळ्यावरून मिक्सरचं खोकं काढलं, त्याला सोनेरी कागद लावला आणि वर ब्लेडने फट पाडली. काम सुबक झालं होतं. पण ती पेटी बघितली की आत शंभर-शंभर रुपयांची पाकिटं टाकून जेवायला पंगतीत बसावंसं वाटत होतं. "ही आहेराची पेटी दिसते," मी म्हणालो. स्नेहलने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "मग तुझ्या लोकशाहीला शोभेल अशी तूच आण."

सूसच्या आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी भाबडेपणाने लिहिलं: 'कुणाकडे जुनी मतपेटी मिळेल का? तातडीने हवी आहे.' यावर पहिलं उत्तर आलं, 'कमिटीची मुदत संपायला अजून वर्ष आहे.' दुसरं आलं, 'कुणीतरी हा प्रश्न विचारायलाच हवा होता.' तिसऱ्याने नुसता अंगठा टाकला. रात्रीपर्यंत मी चेअरमनपदाला उभा राहतोय ही बातमी तिन्ही इमारतींत पोचली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विद्यमान चेअरमन भेटले. मी "गुड मॉर्निंग" म्हणालो, तर ते माझ्याकडे पाठ करून मजल्यांचे आकडे बघत राहिले.

आणि संध्याकाळी हैबतराव आले. आमची सोसायटी ज्या रानावर उभी आहे ते रान एकेकाळी हैबतरावांचं. तिच्यातल्याच दोन फ्लॅटांत आता ते राहतात. पूर्वी उपसरपंच होते, आणि ते पद गेलं असलं तरी हैबतराव त्यावरून अजून उतरलेले नाहीत. सोफ्यावर मांडी घालून म्हणाले, "सर, तुमी उबं ऱ्हावा. आमी मागं हाय."

मी त्यांना कसंबसं समजावलं की मला उभं राहायचं नाही, मला पेटी हवी आहे, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी.

"मंग पौडला तालुक्याच्या कचेरीत चला की. जुन्या पेट्या तितं गोदामात असत्याल. मी येतो संगं. माझी वळख हाय."

हैबतरावांची ओळख असते हे खरंच आहे. अडचण एवढीच, की ती फार जणांशी असते. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून ते पौडपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. आम्ही जणू प्रचारफेरीला निघालो होतो.

कचेरीतले कैलास नावाचे लिपिक सज्जन गृहस्थ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी सुदानपासून सुरुवात केली होती, तरी त्यांनी मध्ये अडवलं नाही. मग म्हणाले, "सर, तुमचं काम चांगलं हाय. पन पेटी हाय सरकारी मालमत्ता. कॉलेजकडनं अर्ज पायजे, वरून मंजुरी पायजे. आनि आता आचारसंहिता लागलीय. निवडणूक झाल्यावर या, मी स्वतः फाइल फिरवतो."

"पण मतदान शुक्रवारी आहे."

"कुटलं?" ते दचकले.

"आमचं. टेकडीस्थानचं."

कैलासरावांनी हैबतरावांकडे बघितलं. हैबतरावांनी डोळ्यांनीच 'मानूस सज्जन हाय, चालवून घ्या' असं सांगितलं. मग कैलासराव उठून खिडकीशी आले आणि बाजारपेठेकडे बोट करून म्हणाले, "त्यापरीस हाफीजभाईकडनं नवी करून घ्या. पत्र्याचं काम लई झकास करत्यात."

हाफीजभाई धान्याच्या कोठ्या आणि पिठाचे डबे करतात. मी त्यांना कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं.

"किती किलोचं पायजे?"

"किलोचं नाही. यात चिठ्ठ्या टाकायच्या."

"चिठ्ठ्या. बरं. मंग झाकनाला कडी लावतो. काढाय-घालायला सोपं जाईल."

"काढता येता कामा नये, हीच तर मेख आहे!"

हाफीजभाईंना हे पटलं नाही. ज्या डब्यात घातलेलं सहज काढता येत नाही, असा डबा त्यांनी आयुष्यात केला नव्हता. फटही त्यांनी अशी पाडली की माझी मूठ आत जावी. मी म्हणालो, अशाने कुणीही मतं चोरेल. ते म्हणाले, "तुमच्या वर्गात चोर हायेत व्हय? मंग शिकवायचं ते आदी शिकवा." हैबतराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी फट अरुंद झाली, कुलपासाठी कडी बसली, आणि मी नको नको म्हणत असताना खालून चार पाय लागले, कारण पायांशिवाय पिठाला ओल लागते.

पण पेटी झाली होती देखणी. उन्हात नुसती लखलखत होती. हैबतरावांनी ती मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवटाळली, आणि आम्ही परतीला लागलो. माझ्या खांद्याच्या पिशवीत कॉलेजात छापलेल्या मतपत्रिका होत्या. टेकडीवर इस्राचा चेहरा कसा होईल, या विचारात मी इतका गुंग होतो की पिरंगुटच्या पुढे रस्त्यात लावलेले अडथळे मला अगदी जवळ गेल्यावर दिसले.

भरारी पथक होतं. झाडाखाली घडीचं टेबल, दोन पोलीस, एक कॅमेरावाला, आणि खुर्चीत बसलेल्या पथकप्रमुख बाई. शुभांगी नाव त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. मूळच्या शेती खात्यातल्या, निवडणुकीपुरत्या इकडे नेमलेल्या.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"पेटी," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कसली?"

पिठाची म्हणालो असतो तर संध्याकाळच्या चहाला घरी पोचलो असतो. पण लोकशाहीच्या प्राध्यापकाने सरकारी अधिकाऱ्याशी खोटं बोलावं, हे मला बरं वाटेना. "मतपेटी," मी म्हणालो.

कॅमेरावाल्याने कॅमेरा सुरू केला.

"मतदान तर यंत्रावर आहे. मग पेटी कशाला?"

"हे मतदान दुसऱ्या देशाचं आहे, मॅडम."

"कुठल्या?"

"तो देश नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे... तो आम्ही मागच्या महिन्यात वर्गात केला."

शुभांगीबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पिशवी मागितली. मतपत्रिकांचा गठ्ठा बाहेर आला. एकत्र राहायचं असेल तर छत्री, वेगळं व्हायचं असेल तर किटली, अशी चिन्हं मुलांनी निवडली होती.

"किटली?" बाई म्हणाल्या. "या गटात एका अपक्षाला किटली मिळालीय."

मी काही बोलायच्या आत हैबतराव पुढे झाले. "मिळालीय की! आमच्या बाजूच्या वाडीचाच हाय. लई गुनी मानूस!"

कॅमेरा आता हैबतरावांवर आला. आपण काहीतरी जास्त बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण लगेच ते मला वाचवायला धावले. "पन सरांचा काय संबंध न्हाई बरं का, बाई. सर निवडणुकीतला मानूसच न्हाई. आवो, ह्यांना सोसायटीत सुदिक कोन मत द्यायचं न्हाई!"

हे सगळं चित्रित झालं आहे. सरकारदरबारी कुठेतरी ते जपून ठेवलेलं असेल.

मग पंचनामा झाला. 'पिठाच्या डब्यासारखी दिसणारी, चार पाय असलेली एक पत्र्याची पेटी. सदर पेटी मतपेटी असल्याचे सदर इसम स्वतः सांगतो.' इतकी वर्षं मी 'सर' होतो, 'प्राध्यापक' होतो, एका चर्चासत्रात तर 'मान्यवर'सुद्धा होतो. आज 'सदर इसम' झालो. शुभांगीबाई मात्र कठोर नव्हत्या. म्हणाल्या, "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण मी अशीच सोडली तर उद्या प्रत्येक जण पेटी घेऊन येईल. कॉलेजचं पत्र आणा. आणि ती विद्यार्थिनी म्हणता ना, तिलाही आणा. मग घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. लवळ्यात रिक्षा केली आणि तुळजाबाईंच्या दारात थांबवली. इस्रा खाली आली, तिच्या मागून तुळजाबाई डोक्यावरचा पदर सावरत आल्या आणि रिक्षात बसल्यासुद्धा. "पोरीला सरकारी मान्सांपुढं एकटी न्हाई धाडायची मी," त्यांनी मला सुनावलं. मी सोबत होतो, पण मला त्यांनी हिशोबात धरलं नसावं.

वाटेत मी कालची हकिकत रंगवून सांगत होतो. सदर इसम, किटली, सगळं. तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. वळण घेतलं आणि समोर अडथळे दिसले, तशी इस्रा म्हणाली, "थांबवा."

रिक्षा थांबली. तिने फोन काढला आणि भराभर फोटो पुसायला लागली. एक, मग एक, मग एक. मला कळेना. एक फोटो माझ्या नजरेस पडला, नदीकाठी दोन मुली चहाचे छोटे पेले धरून बसलेल्या. तोही गेला.

"काय करतीयास गं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नाक्याआदी फोन साफ करायचा असतो," इस्रा म्हणाली. हे तिने अगदी साध्या सुरात सांगितलं, जसं आपण म्हणतो की देवळाआधी चपला काढायच्या असतात. तिचा अंगठा थांबत नव्हता.

उम्दुरमानहून निघताना त्यांच्या गाडीला वाटेत बंदूकधाऱ्यांचे असे किती नाके लागले असतील, आणि प्रत्येक नाक्यावर काय काय झालं असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी तिला टप्पे शिकवत होतो. युद्धविराम, हंगामी सरकार, घटना. आणि आता हसत हसत तिला एका नाक्यावर घेऊन आलो होतो. परत जाऊया, असं मी म्हणणार होतो.

तुळजाबाईंनी तिच्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच्या कनवटीला खोचला. "आता न्हाई कोन बघत. चल. मी हाय ना." तिचा हात धरून त्या सरळ टेबलापाशी गेल्या. "ओ बाई, पोरगी भ्यालीय. तो क्यामेरा जरा तिकडं करा."

शुभांगीबाईंनी इस्राकडे बघितलं. कॅमेरावाल्याला हाताने दूर केलं, स्वतःच्या खुर्चीतून उठल्या आणि ती खुर्ची इस्रापुढे सरकवली. "बस. पाणी घे." मग माझ्याकडे वळून पत्र वाचायला घेतलं. हैबतराव तिथे आधीच येऊन पोलिसांबरोबर चहा पीत बसले होते. कालपासून त्यांची पथकाशीही ओळख झाली होती.

तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. आत तालुक्यातले एक वजनदार पुढारी. शुभांगीबाई पत्र तसंच हातात धरून गेल्या. "दादा, डिकी उघडा." दादा स्वतः उतरले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, आणि स्वतःच्या हाताने डिकी उघडली. आत आंबेमोहोराचं एक पोतं, एक सतरंजी आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा. बाईंनी पोत्यात हात घालून बघितला. सतरंजी उलगडली. गाड्या मागे खोळंबल्या. दादा रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते.

"झालं का ताई?"

"सही करा."

दादांनी सही केली, नमस्कार केला आणि गेले.

इस्रा खुर्चीत पुढे सरकून बघत होती. तिने हैबतरावांना विचारलं, "हा मोठा मानूस हाय?"

"लई मोठा."

"आनि त्यानं उघडून दाखवली?"

"त्यात काय न्हाई गं पोरी," हैबतराव म्हणाले. "पैसं दुसऱ्या गाडीतनं आदीच गेलं असत्याल. आतमंदी लपवून."

इस्राने यावर जरा विचार केला. "लपवून न्यावं लागतं?"

"मंग! उघड कसं नेनार?"

"का?"

हैबतरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी शुभांगीबाईंकडे मान हलवून म्हणाले, "ह्या बाई हायेत ना हितं."

इस्रा हसली. मोठ्याने नाही, पण मी तिला इतके महिने शिकवतोय, माझ्या कुठल्याही विनोदाला ती अशी हसली नव्हती. पेटी ताब्यात मिळाली, सही झाली, रिक्षावाला घाई करायला लागला, तरी ती उठेना. "सर, आजून एक गाडी बघू?" मग एक टेम्पो बघितला. मग एक लग्नाचं वऱ्हाड. मग एका डॉक्टरची गाडी. प्रत्येक वेळी माणूस उतरायचा, कुरकुर करायचा, डिकी उघडायचा, पुढे जायचा. ज्या कंटाळ्याने माझे विद्यार्थी झोपतात, तो कंटाळा ती डोळे भरून बघत होती.

शुक्रवारी मतदान झालं. तुळजाबाई मतदान बघायला म्हणून टेकडी चढून आल्या होत्या. टेबलावर पेटी, कुलूप, लाखेऐवजी मेणबत्तीचं मेण, शाईची बाटली. मी सगळी तयारी केली आणि जरा नाटकीपणानेच जाहीर केलं, "पहिलं मत इस्रा टाकेल."

इस्रा उठली. पेटीपाशी आली. पत्र्यावरून तिने हात फिरवला, फटीत बोट घालून बघितलं. मग टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीत जाऊन बसली, यादी समोर ओढली आणि म्हणाली, "मी अधिकारी होनार, सर. पुढचं नाव बोलवा."

माझा चेहरा पडला असणार. पण वर्गात रांग लागली होती. इस्रा एकेकाचं नाव बघायची, बोटाला शाई लावायची, मतपत्रिका द्यायची. अमोघने बोट पुढे न करता शर्टला शाई लागेल अशी तक्रार केली, तर तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. शुभांगीबाईंसारखंच. त्याने बोट पुढे केलं. सगळ्यांचं झाल्यावर तुळजाबाई रांगेत उभ्या राहिल्या.

"मला बी दे चिठ्ठी."

"मावशी, यादीत नाव न्हाई."

"न्हाई कसं? ह्या टेकडीवर माझ्या सासऱ्याचं रान व्हतं. मी हितलीच हाय!"

वर्गात खसखस पिकली. टेकडीस्थानच्या घटनेत या मुद्द्याचा विचार झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो बिनतोड होता. पण इस्रा ठाम राहिली. तुळजाबाई रागावून खिडकीशी जाऊन बसल्या. "माझ्याच घरात ऱ्हाती आनि मलाच न्हाई म्हनती!" असं त्या पुटपुटल्या, मात्र शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून लगेच म्हणाल्या, "बसलीय कशी बघ, कलेक्टरावानी."

छत्री जिंकली. थोडक्यातच जिंकली. टेकडीस्थान एकत्र राहिलं, दोन्हीकडे शिक्के मारलेलं एक मत बाद झालं, ते आपलंच असं अमोघने कबूल केलं, आणि यावरून ज्ञानदा त्याला इतकं बोलली की बोलता बोलता दोघं एकाच टेबलाकडे चहाला गेली. वर्ग रिकामा झाला. मतपत्रिका गोळा करताना मला राहवेना.

"तुझ्यासाठी ही पेटी केली गं," मी म्हणालो. आवाजात दुखावलेपण आलंच. "पौडला जाऊन आलो. पंचनामा झाला. आणि तू मतच दिलं नाहीस."

ती शाईच्या बाटलीचं झाकण लावत होती. तिने उत्तर मराठीतच दिलं.

"माझं पयलं मत हाय ते, सर. हितं न्हाई द्यायचं. तितं द्यायचं."

इंग्रजीत ती पुढे म्हणाली, "तुम्ही हेच शिकवता ना? मग सांगा, किती वर्षं लागतात?"

माझ्याकडे यावर स्लाइड्स आहेत. बाणांची आकृती आहे, बाणाखाली टप्पे आहेत, टप्प्यांना रंग आहेत. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. माझ्या उत्तराने ती खट्टू झालेली दिसली नाही. बहुतेक तिने ते आधीच धरलेलं होतं. व्हरांड्यातून तुळजाबाईंनी हाक मारली, "चल गं, अंधार पडंल. भाकऱ्या थापायच्या हायेत." इस्राने दप्तर उचललं. दारात जाऊन ती वळली.

"सर, तेव्हा तुमी या. परदेशी निरीक्षक लागत्यात."

"मी?"

"व्हय. माझी ताई चहा देईल. दालचिनी घालून, नदीवर."

आणि गेली. जिन्यावरून दोघींचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता; यादीवरून भांडण अजून मिटलेलं नव्हतं.

घरी येऊन मी कपाट उघडलं आणि पासपोर्ट शोधायला लागलो. तो निघाला चादरींच्या खाली, मुदत कधीच संपलेला. आतली सगळी पानं कोरी. मी लगेच संगणक उघडून नूतनीकरणाचं बघायला लागलो. स्नेहल हात पुसत बाहेर आली.

"हे काय मध्येच? कुठे जायचंय?"

"उम्दुरमानला."

"कधी?"

"तारीख जाहीर व्हायचीय," मी म्हणालो.

स्नेहलने खुर्ची ओढली, शेजारी बसली आणि म्हणाली, "माझाही संपलाय. दोन्ही एकदमच टाक."